सायरनला परवानगी नव्हती

मंगळवारी बोरदऱ्याचा बाजार नदीत भरायचा. नदी म्हणायची एवढंच. पोळा झाला तरी एका कडेनं घोट्याएवढं पाणी वाहायचं आणि उरलेल्या वाळूत पालं ठोकून आसपासची सात-आठ गावं आपला बाजार करून घ्यायची. लिंबागणेशच्या पुढं डोंगराकडं गेलं की हे गाव लागतं आणि गावाच्या वर कोसभरावर तलाव.

त्या मंगळवारी गावावर लख्ख ऊन होतं. पाऊस झाला तो वर, डोंगरापलीकडं. खाली कुणाला त्याची खबर नव्हती. दुपारी साडेतीनला सांडव्यावरचा लोंढा नदीत उतरला आणि पालांच्या दोऱ्यांसकट बाजार घेऊन गेला. माणसं हाताला लागेल ते पोर उचलून काठावर चढली. शेळ्या, कोंबड्या, कांद्याचे ढीग गेले. भामाबाई मात्र चढू शकली नाही. लसूण-मिरची विकणारी ही बाई गुडघ्यांनी अधू होती. बसली की उठायला तिला कुणाचा तरी हात लागायचा. तो हात देणारी तिची लेक वनमाला नेमकी काठावरच्या हापशावर पाणी आणायला गेली होती. तिनं वरून हाक मारली, आईनं मान वर करून बघितलं, तेवढंच. दिवस मावळायच्या आत भामाबाई खाली मैलभरावर बाभळीच्या जाळीत सापडली.

शाळेच्या छपरावर सायरन होता. तलावाचं पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की तो आपोआप वाजायला हवा होता. तो वाजला नाही.

का वाजला नाही हे बघायला बुधवारी सकाळी सहरला पाठवलं. सहर बीडची, पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या पाशाभाईंची मुलगी. पॉलिटेक्निक केलेली, वय सत्तावीस. ज्या कंपनीनं तलावांवर ही यंत्रं बसवली होती, तिच्याकडं ती अडीच वर्षं कंत्राटावर होती. खांबावर चढायचं, डब्यातली मुंग्यांची वारुळं काढायची, लॅपटॉप मांडीवर घेऊन बांधावर बसायचं, हे सगळं ती करायची. कंपनीत तिला आणलं होतं आदिनाथनं. चौसाळ्याचा हा माणूस तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. मुलगी खांबावर चढेल का, असं मुलाखतीत कुणीतरी विचारलं तेव्हा आदिनाथ म्हणाला होता, "चढेल की नाही ते खांबाला विचारा, तिला कशाला विचारता?" या यंत्रांवर चालणारं लिनक्स तिला त्यानंच शिकवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्राशी कसं बोलायचं, ते चिडलं तर त्याचं म्हणणं आधी नीट कसं वाचायचं, हे सगळं त्याचं देणं. ती त्याला दादा म्हणायची आणि मनापासून म्हणायची.

तलावावरच्या खोलीच्या ओट्यावर पहारेकरी आश्रुबा बसला होता. सदरा खांद्यापासून फाटलेला, डावा डोळा सुजून बंद झालेला. आदल्या संध्याकाळी गावातल्या पोरांनी त्याला मारलं होतं. पुन्हा मारू नये म्हणून की पळून जाऊ नये म्हणून कोण जाणे, एक हवालदार शेजारी खुर्ची टाकून बसवलेला. खोलीत भिंतीवर लाल बटण होतं. यंत्रानं काही केलं नाही तर पहारेकऱ्यानं ते दाबायचं आणि सायरन वाजवायचा, अशी सोय. ते त्यानं दाबलं नाही, दारू पिऊन पडला होता, असं गाव म्हणत होतं आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांनीही सकाळी फोनवर तेच सांगितलं होतं.

सहरला बघून आश्रुबा उठला. "म्याडम, म्या दाबलं. पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, लई बार दाबलं. वाजतंय का न्हाई ते हितून ऐकू येत न्हाई. मंग फोन लावला तर वरच्या पावसानं रेंज गेल्याली. मंग पळत सुटलो. मी वड्याच्या वळणाला आलो अन् पाणी माज्या म्होरं गेलं."

"बस बे खाली," हवालदार म्हणाला.

दाबलं असेल किंवा नसेल. ते माणसाच्या तोंडून ऐकायचं काम सहरचं नव्हतं. तिनं डबा उघडला. आत तळहाताएवढं यंत्र, वर सोलरची बॅटरी. दिवा हिरवा होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. काल दुपारीही जिवंतच असणार. तिनं लॅपटॉपची वायर जोडली आणि यंत्राची नोंदवही म्हणजे लॉग उघडला.

तलावातलं यंत्र पाण्याची उंची मोजतं आणि धोका वाटला की शाळेवरच्या यंत्राला वायरलेसनं एक छोटा निरोप पाठवतं. त्या निरोपाला पॅकेट म्हणायचं. पॅकेट पोचलं की सायरन वाजतो. लॉगमध्ये मंगळवारची दुपार ओळीनं लिहिलेली होती. दोन वाजून बावन्न मिनिटांनी पाणी खुणेवर गेलं. यंत्रानं पॅकेट पाठवायला घेतलं, आणि पुढं लिहिलं होतं: ऑपरेशन नॉट परमिटेड. परवानगी नाही. एका मिनिटानं पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. अशा बारा ओळी. बारा वेळा करून बघायचं आणि मग थांबायचं, असंच त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं.

पण ओळी बारावर थांबल्या नव्हत्या. तीन वाजून चार मिनिटांपासून पुढं त्याच शब्दांच्या आणखी ओळी होत्या, आणि त्या मिनिटामिनिटाच्या नव्हत्या. दोन सेकंदांनी एक, तीन सेकंदांनी एक, मध्ये दहा सेकंदांचा खंड, मग लागोपाठ सहा. यंत्र असं वागत नाही. यंत्राला घाई नसते. तिनं बोटानं मोजल्या. एकतीस होत्या. बटणाची वायर याच डब्यात येत होती, याच यंत्राला सांगत होती, आणि यंत्र प्रत्येक वेळी त्याच एका दारावर जाऊन परत येत होतं. ती सोय आपत्कालीन म्हणून भिंतीवर लावलेली, पण वेगळी नव्हतीच.

तिनं मान वळवून ओट्याकडं बघितलं. आश्रुबा आपल्या अंगठ्याकडं बघत बसला होता.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही एकतीस वेळा दाबलंय."

आश्रुबाला क्षणभर कळलं नाही. मग त्याचा चांगला डोळा भरून आला. "हाय का तसं लिव्हलेलं?"

"आहे."

"हवालदारसायेब, ऐकलं का?"

हवालदार मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "मला कशाला सांगतोस?"

आता परवानगी कुणी नाकारली ते बघायचं होतं. हा दोष तसा रोजचा. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला कुणाचं तरी नाव लागतं, आणि साध्या नावाला सगळी कामं करता येत नाहीत. प्रोग्रॅम भलत्या नावानं चालू असेल, अपडेटमध्ये त्याचा अधिकार गेला असेल, असं तिला आधी वाटलं. तिनं प्रोग्रॅमच्याच नावानं शिरून शाळेच्या पत्त्यावर पिंग मारलं, म्हणजे पोचतंय का ते बघायला एक चाचणीचं पॅकेट सोडलं. नॉट परमिटेड. मग रूट झाली. रूट म्हणजे त्या यंत्राचा मालक. त्याला कुणी अडवत नाही. पुन्हा पिंग मारलं.

नॉट परमिटेड.

तिनं बीडच्या ऑफिसच्या पत्त्यावर मारून बघितलं. ते सुरळीत गेलं. लिंबागणेशच्या टॉवरवर मारलं, तेही गेलं. जगात सगळीकडं जायला मोकळीक होती, एकट्या शाळेवरच्या सायरनकडं जायला बंदी. पहिल्याच वर्षी आदिनाथनं तिला सांगितलेलं होतं: "रूटलासुद्धा नाही म्हटलं ना, तर माणसाचा अधिकार बघत बसू नको. दारात दरवान बसवलाय का ते बघ." दरवान म्हणजे फायरवॉल. बाहेरून येणाऱ्यांना अडवायला ती असते. पण कुणी ठरवलं तर ती घरातल्यांनाही बाहेर जाऊ देत नाही.

ती नियमांची यादी मागवणार तोच फोन वाजला. आदिनाथ होता.

"पोचलीस?"

"पोचले दादा. लॉगमध्ये परवानगीचा एरर आहे. त्रेचाळीस वेळा."

मग तो म्हणाला, "ऐक, तिथं शोधत बसू नको. बंद करून चालू कर. रीस्टार्ट केलं की जाईल."

"का जाईल?"

"अगं जातं. यंत्र आहे. साहेब मागं लागलेत, दहा मिनिटांत सायरन चालू पाहिजे."

"करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पण तिनं केलं नाही. अडीच वर्षांत आदिनाथनं तिला कधीही, कारण सापडायच्या आधी, रीस्टार्ट कर म्हटलं नव्हतं. रीस्टार्ट करणाऱ्यांना तो शिव्या द्यायचा. तिनं यादी मागवली.

एकच नियम होता. एकच ओळ. शाळेच्या यंत्राकडं जाणारं प्रत्येक पॅकेट टाकून द्यावं. ओळीच्या आधी आकडा होता: आजवर किती पॅकेटं टाकली. तिचे दोन पिंग धरून पंचेचाळीस. हा नियम कुठल्या फाइलीत लिहिलेला नव्हता, फक्त यंत्राच्या चालू स्मरणात होता. रीस्टार्ट केलं असतं तर तो धुऊन गेला असता आणि सायरन काल का वाजला नाही हे जगात कुणालाही कधी कळलं नसतं. मग तिनं यंत्रात शेवटचं कोण शिरलं होतं ते बघितलं. रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. चार मिनिटं. आदिनाथ.

तिनं लॅपटॉप खाली ठेवला आणि बांधावर जाऊन उभी राहिली. तलाव तुडुंब होता, वरचं पाणी अजून गढूळ. डोंगरामागं ढग पुन्हा जमत होते.

आदिनाथ तासाभरात मोटारसायकलवर आला. तिनं रीस्टार्ट केलं नाही हे त्याला ऑफिसच्या पडद्यावर दिसत होतं. खोलीपाशी न येता तो तिला बांधाच्या टोकाला घेऊन गेला.

"बघितलंस?"

"बघितलं."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "रविवारी त्या पुढारी बबनरावाच्या सभामंडपाचं उद्घाटन होतं शाळेच्या पटांगणात. पाहुणे लई मोठे. आदल्या आठवड्यात वाऱ्यानं पाणी हिंदकळून सायरन दोनदा उगाच वाजला होता, तुला माहीत आहे. साहेबांचा फोन आला, म्हणाले, भाषणं चालू असताना वाजला तर माझी बदली होईल. मी म्हटलं, शाळेतला स्विच बंद करा. तर म्हणाले, स्विच बंद केला की पडद्यावर लाल दिसतं, वर विचारतात. लाल दिसायला नको आणि वाजायलाही नको. असं काहीतरी कर."

"लेखी मागितलं नाहीस?"

"मागितलं. म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला काय लिहून द्यायचं?"

"आणि मग काढलं का नाहीस?"

"दोन तासांनी काढणार होतो. त्यांनी जेवायला बोलावलं. गेलो. बबनरावानं स्वतः पंगतीत वाढलं, पाठीवर हात ठेवला. घरी आलो, झोपलो." त्याचा आवाज खाली गेला. "विसरलो, सहर. एवढंच आहे. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं झालं असतं."

तिला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. त्या माणसाला ती अडीच वर्षं ओळखत होती आणि तो खरं बोलत होता. ती म्हणाली, "हे सांग. जसं मला सांगितलंस तसंच. आश्रुबाकाकांना लोकांनी मारलंय. त्यांनी एकतीस वेळा बटण दाबलं होतं."

"साहेब नाही म्हणतील. फोनचं काय, बोलणं झालंच नाही म्हणतील. मग मी एकटाच राहतो. सात महिन्यांनी मी कायम होतोय. रोहिणीला सातवा लागलाय." रोहिणी त्याची बायको. "तू एवढंच लिही की परवानगीचा तांत्रिक दोष. खोटं नाही ते. आश्रुबाचं मी बघतो. वर्षभरात परत घेतील त्याला."

"नियम टाकला हे लिहीन. कुणी टाकला ते तू सांग."

तेवढ्यात वर गडगडलं. दोघांनीही डोंगराकडं बघितलं. आणि सहरला तिची खरी अडचण दिसली. नियम तसाच ठेवला तर पुरावा राहतो, पण सायरन मुका राहतो. काढला तर सायरन बोलतो, पण पुरावा जातो. तिनं साहेबांना फोन लावला, कुणाला तरी पंचनाम्याला पाठवा म्हणाली. साहेब म्हणाले, "आधी सायरन चालू करा. कागदपत्रं नंतर." तिनं हवालदाराला बोलावून लॅपटॉपचा पडदा दाखवला, ती ओळ आणि आकडा दाखवला, म्हणाली, "हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं एवढीच सही करा." हवालदारानं वाकून बघितलं. "बाई, मला यातलं अक्षर कळत नाही. मी कशावर सही करू? उद्या मलाच कोर्टात उभं करतील."

तिनं पडद्याचे फोटो काढले, यादी फाइलीत उतरवून घेतली. पाण्याची उंची पुन्हा खुणेजवळ येत होती. तिनं आदिनाथकडं बघितलं. तो तलावाकडं तोंड करून उभा होता. तिनं नियम काढून टाकला. मग सायरन चालतो की नाही ते बघायला भिंतीवरचं बटण दाबलं. लॉगमध्ये ओळ उमटली: पाठवलं.

खाली गावात काय झालं ते तिला नंतर कळलं. त्याच वेळी नदीच्या काठावर भामाबाईला अग्नी देत होते. शाळेच्या छपरावर सायरन बोंबलायला लागला, तशी माणसं चिता सोडून टेकाडाकडं पळाली. बायका पोरांना ओढत पळाल्या. एकटी वनमाला तिथंच उभी राहिली. पाणी आलं नाही. सायरन दोन मिनिटं वाजला आणि थांबला, आणि मग माणसं एकमेकांकडं न बघता परत आली.

सहरनं तीन पानांचा अहवाल लिहिला. बारा ओळी आणि एकतीस ओळी, त्यांच्या वेळा, नियम, आकडा, फोटो, आणि रविवारी यंत्रात कोण शिरलं होतं त्याची नोंद. शेवटी लिहिलं की पहारेकरी जागेवर हजर होता आणि त्यानं आपलं काम केलं. घरी पाशाभाईंनी मोटारीचं तांबं गुंडाळता गुंडाळता तिला विचारलं, "सच लिखी?"

"हो अब्बा."

"आदिनाथका नाम?"

"जे दिसलं ते लिहिलं."

"नौकरी जाएगी," एवढंच ते म्हणाले, आणि तिच्यासमोर ताट सरकवलं.

चौकशी बाराव्या दिवशी विश्रामगृहात झाली. चौकशी अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, दमलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सहरला पूर्ण बोलू दिलं. तिनं शक्य तितक्या साध्या भाषेत सांगितलं: निरोप, दार, दरवान. आश्रुबा कोपऱ्यात धुतलेलं धोतर नेसून उभा होता आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. तिचं बोलणं संपल्यावर अधिकाऱ्यांनी आदिनाथला विचारलं, "रविवारी तुम्ही यंत्रात गेला होता?"

"हो साहेब. नेहमीची तपासणी."

"असा काही नियम टाकला होता?"

आदिनाथनं समोरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघितलं. सहर त्याच्याकडं बघत होती. तिला वाटलं तो सांगेल. अजूनही तिला तसंच वाटत होतं.

"नाही साहेब."

अधिकारी तिच्याकडं वळले. "तो नियम आता यंत्रात आहे?"

"नाही. सायरन चालू करायला मलाच काढावा लागला. फोटो आहेत."

"फोटो तुमच्या लॅपटॉपचे. फाइल तुम्ही लिहिलेली. त्या दिवशी यंत्रात चार तास तुम्हीच होता." ते कठोरपणे म्हणाले नाहीत, उलट त्यांना वाईट वाटत असावं. "तो नियम तुम्हीच आधी टाकून फोटो काढला नाही, हे मी कशावरून मानू?"

"आकड्यावरून माना साहेब. त्रेचाळीस पॅकेटं मंगळवारी अडली."

"तो आकडाही फोटोतच आहे ना?"

मग पाटबंधारे खात्याचे साहेब पुढं झाले. त्यांनी लॉगचा छापील कागद हातात घेतला होता. लॉग मात्र कुणी नाकारत नव्हतं, तो यंत्रात होता. "सर, यात स्वच्छ लिहिलंय. ऑपरेशन नॉट परमिटेड. म्हणजे या कृतीला परवानगी नाही. ही कृती कुणाची? या बाई स्वतःच सांगतात, शेवटच्या एकतीस वेळा पहारेकऱ्यानं बटण दाबलं. बटण एकदा दाबून सोडायचं असतं, तसं प्रशिक्षण दिलेलं आहे. यानं वेड्यासारखं दाबत राहून यंत्रणा तुंबवली. यंत्र सांगतंय, परवानगी नाही, तरी हा दाबतोय."

"असं होत नाही," सहर मोठ्यानं म्हणाली. "त्याच्या आधीच्या बारा वेळा यंत्रानं स्वतः..."

"तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय," अधिकारी म्हणाले.

आश्रुबाला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याकडं बोट झालं हे त्याला कळलं. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, म्या दाबलं म्हनून सांगतोय की म्या. न्हाई दाबलं म्हनून मारलं मला लोकांनी. आता दाबलं म्हनून बी मीच कावून?"

अधिकाऱ्यांनी फाइल बंद केली.

महिन्याभरानं निकाल आला. यंत्रणेत परवानगीविषयक तांत्रिक दोष आढळला. पहारेकऱ्यानं बटणाचा अनधिकृत व वारंवार वापर केल्यानं दोष बळावला. पहारेकऱ्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. कंपनीनं सहरला वेगळं पत्र दिलं: घटनास्थळी पूर्वपरवानगीशिवाय यंत्राच्या रचनेत बदल केल्याबद्दल कंत्राट समाप्त. पत्रावर कंपनीच्या वतीनं आदिनाथची सही होती. त्यानं फोनही केला. तिनं उचलला, कारण तो काय म्हणतो ते तिला ऐकायचंच होतं. तो म्हणाला, "सहर, माझ्या जागी तू असतीस तर..." आणि पुढं त्याला वाक्य सुचलं नाही. तिनंही सुचवलं नाही. तिनं फोन ठेवून दिला.

आश्रुबा गाव सोडून लेकीकडं राहायला गेला. गावात राहणं अशक्यच झालं होतं. दर मंगळवारी बाजार सुटला की वनमाला त्याच्या दारासमोर उभी राहायची आणि गाव ऐकेल अशा शिव्या द्यायची. लेकरंबाळं त्याच्या घरावर गोटे टाकायची. जायच्या आधी तो बीडला पाशाभाईंच्या दुकानात आला आणि सहरला म्हणाला, "तुमी तेवढं वनमालाला सांगा, म्याडम. सरकारला न्हाई पटलं तर न्हाई. तिला कळलं म्हंजी बास."

म्हणून ती एका दुपारी बोरदऱ्याला गेली. बाजार आता शाळेच्या मागच्या माळावर हलवला होता. वनमाला घरापुढं गोणपाटावर मिरच्या निवडत बसली होती. सहरनं आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, इंग्रजी शब्द न वापरता, घाई न करता. रविवारची पंगत, विसरलेला नियम, बारा वेळा आणि एकतीस वेळा. वनमालानं मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचा हात मिरच्यांवर चालतच राहिला. देठं एकीकडं, मिरच्या एकीकडं.

"म्हंजी आश्रुबा वर दाबत व्हता," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"अन् माय खाली बसली व्हती."

"हो."

"हे खरं हाय?"

"खरं आहे, ताई."

वनमालानं मान हलवली. तिला पटलं होतं, हे सहरला दिसत होतं. विश्रामगृहात कुणाला पटलं नाही ते या बाईला एका बैठकीत पटलं होतं. सहरला बरं वाटणार होतं, तेवढ्यात वनमालानं वर बघितलं.

"मंग आता मी शिव्या कुनाला देऊ? बबनरावाला? त्येच्या मळ्यात खुरपायला जाती मी. त्या सायबाला? त्येचं नाव बी तुमी सांगंना गेल्या." तिचा आवाज चढला नाही. "आश्रुबाला शिव्या दिल्या की रातच्याला झोप यायची मला. ती बी तुमी घेऊन चालल्या. अन् दिलं काय? कागद हाय का?"

"कागद नाही," सहर म्हणाली.

"मंग लई शिकून काय केलं तुमी?"

सहर उठली. वनमालानं तिला पाणी विचारलं नाही आणि बसा असंही म्हटलं नाही. गोणपाटाचं टोक झटकून तिनं निवडलेल्या मिरच्या पाटीत भरल्या आणि उंबऱ्याच्या आत जाता जाता, पाठमोरीच म्हणाली, "परत येऊ नका, बाई. अन् आश्रुबाला म्हनावं, त्येनं बी येऊ नये."